खात्यातील पैसा : हक्क की मेहेरबानी?

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी हे बोर धरणाजवळचे गाव. या भागातील शेतकऱ्याच्या घरी कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास येतो. बियाणे, खत आणि मुलांच्या वह्या यांचा खर्च मात्र जून-जुलैतच उभा राहतो. अशा ओढगस्तीच्या महिन्यांत सरकारकडून थेट खात्यात पडलेले हजार-दीड हजार रुपये पेटीत बंद होत नाहीत. ते वाण्याकडे, कृषी केंद्राकडे, शिंप्याकडे जातात आणि तेथून पुढे सरकतात. मंदीत गरिबाच्या हाती पैसा दिल्यास बाजार हलता राहतो, हे कळण्यासाठी केन्सचे ग्रंथ उघडावे लागत नाहीत. कोणताही आठवडी बाजार ते सांगेल.

म्हणून अशा मदतीला ‘फुकटची खिरापत’ म्हणून नाक मुरडणे योग्य नव्हे. २०१९ पासून शेतकरी कुटुंबांना केंद्राकडून वर्षाला ६,००० रुपये मिळू लागले. २०२० च्या टाळेबंदीत महिलांच्या जनधन खात्यांत तीन महिने प्रत्येकी ५०० रुपये जमा झाले. २०२४ च्या जुलैपासून महाराष्ट्राने ‘लाडक्या बहिणी’ला दरमहा १,५०० रुपये देण्याचे ठरविले. रकमा थोड्या असतील. परंतु त्या मधल्या हातांना न लागता पोहोचू शकतात, ही गोष्ट लहान नाही.

खरा प्रश्न आहे तो हा पैसा कोणत्या नात्याने दिला जातो, हा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्राने त्याचे एक उत्तर दिले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता! या योजनेच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला. शिक्षकांच्या व कारकुनांच्या पगारपत्रकात दिसणारी कपात ती हीच. देणारा पगारदार, घेणारा मजूर आणि दोघांच्या मध्ये कायदा, अशी ती रचना होती. मजुराला हात पसरावे लागत नव्हते. तो मागणी करीत होता.

तेथे घाम गाळावा लागे, येथे काहीच नाही, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु वृद्ध विधवेने किंवा तान्ह्या मुलाच्या आईने खडी फोडावी काय? त्यांना रोख मदतच हवी.

मात्र आजच्या या योजना मुख्यतः शासन निर्णयांवर उभ्या आहेत. निर्णयाने दिलेले निर्णयाने काढूनही घेता येते आणि निवडणूक जवळ आली की वाढविताही येते. भाऊबीज वर्षातून एकदा येते. घरखर्च दरमहा असतो. म्हणून रक्कम, तारीख, पात्रता, नाव वगळल्यास दाद मागण्याची सोय आणि पैशाचा उगम या पाचही गोष्टी विधिमंडळाने कायद्यात लिहिल्या पाहिजेत. कर भरणाऱ्या वर्गानेच ही मागणी प्रथम करावी. कारण पूर्वीच्या त्या कायद्याचा भार त्यानेच उचलला आहे.