ग्रामीण घनकचरा व्यवस्थापन (महाराष्ट्र)

ग्रामीण घनकचरा व्यवस्थापन म्हणजे खेड्यांतील घरे, दुकाने व सार्वजनिक जागा येथे निर्माण होणाऱ्या कचऱ्याचे वर्गीकरण, संकलन, प्रक्रिया व पुनर्वापर करण्याची आणि उरलेल्या भागाची सुरक्षित विल्हेवाट लावण्याची व्यवस्था होय. महाराष्ट्रात ही जबाबदारी प्रामुख्याने ग्रामपंचायतीकडे आहे. केवळ घंटागाडी सुरू केल्याने हा प्रश्न सुटत नाही. घरात वर्गीकरण झाले नाही, तर गल्लीतला कचरा गावाच्या वेशीबाहेर जाऊन साचतो, इतकेच घडते.

पार्श्वभूमी

पारंपरिक खेड्यात शेण, गोठ्यातील गवतकाडी, राख व खरकटे उकिरड्यात टाकले जाई आणि पेरणीपूर्वी तेथील खत शेतात नेले जाई. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ ही म्हण उकिरड्याला हीन मानत असली, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने तो खताचा साठाच होता. कचऱ्यातील जवळजवळ सर्व पदार्थ कुजणारे असल्यामुळे ही पद्धत टिकली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटखा व वेफर्सची पाकिटे, औषधांची वेष्टने, काच आणि विजेऱ्या त्यात मिसळू लागल्यावर मात्र ती कोलमडली. प्लॅस्टिकमिश्रित खत शेतात घालता येत नाही. उघड्यावर टाकलेल्या पिशव्या अन्नासह गुरांच्या पोटात जातात. कचरा जाळल्यास, विशेषतः त्यात पीव्हीसी असल्यास, डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये हवेत मिसळतात.

कायदे व योजना

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य व स्वच्छता हा पंचायतींचा विषय म्हणून समाविष्ट आहे. महाराष्ट्रात २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) नावाच्या या अभियानाने गावागावांत स्वच्छतेची स्पर्धा रुजवली. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायतींवरही स्पष्ट जबाबदारी टाकली.

२०२० मध्ये स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. शौचालयांच्या बांधकामावर भर देणाऱ्या पहिल्या टप्प्यानंतर यात घनकचरा व सांडपाणी यांना प्राधान्य मिळाले. घनकचऱ्यासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना प्रतिव्यक्ती ६० रुपयांपर्यंत, तर त्याहून मोठ्या गावांना ४५ रुपयांपर्यंत निधीची तरतूद करण्यात आली. प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्रासाठी प्रत्येक विकासगटाला १६ लाख रुपयांपर्यंत निधी ठरवण्यात आला.

कार्यपद्धती

घरोघरी ओला व सुका कचरा वेगवेगळ्या डब्यांत ठेवणे ही पहिली पायरी होय. वापरलेले सॅनिटरी पॅड, सुया व कीटकनाशकांच्या बाटल्या यांत मिसळू नयेत. मिश्र कचऱ्यातील ओलाव्याने कागद व पुठ्ठा वाया जातो आणि तो हाताने निवडणाऱ्या सफाई कामगाराला इजा व संसर्गाचा धोका राहतो.

ओला कचरा शक्यतो गावाबाहेर नेऊ नये. परसात जागा असल्यास घरच्या खड्ड्यात, नसल्यास सामाईक हौदात त्याचे खत होते. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी विकसित केलेली पद्धत त्यांच्या नावावरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. साधारणपणे १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा, हवेसाठी छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर रचून वरून लिंपण करतात. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते आणि त्यासाठी शेण थोडेच लागते. गांडूळखत याहून लवकर तयार होते; मात्र गांडुळांना सावली व सतत ओलावा लागतो.

सुका कचरा ठरावीक दिवशी गोळा करून शेडमध्ये निवडला जातो. पुठ्ठा, लोखंड व जाड प्लॅस्टिक भंगारवाला विकत घेतो. पातळ, बहुपदरी वेष्टनांना सहसा गिऱ्हाईक नसते. एका लहान गावात असा माल इतका थोडा जमतो की वाहतुकीचा खर्चही निघत नाही. म्हणून अनेक गावांचे प्लॅस्टिक विकासगट पातळीवर एकत्र करून त्याचे गठ्ठे बांधणे किंवा तुकडे करणे सोयीचे ठरते. पुनर्चक्रण न होणारे प्लॅस्टिक डांबरी रस्त्यांसाठी किंवा सिमेंट भट्ट्यांत इंधन म्हणून वापरता येते.

अडचणी

वाहन व शेड यांसाठी एकदा निधी मिळतो. कामगारांचे मानधन, इंधन आणि दुरुस्ती यांचा खर्च मात्र दरमहा येतो. तो भागवण्यासाठी करवसुली आवश्यक असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्या कुटुंबांना मोफत दळणासारखी सवलत देऊन वसुली स्वच्छतेच्या कामाशी जोडली. नियमितपणा हीदेखील मोठी अडचण आहे. घंटागाडी काही दिवस आली नाही की लोक पुन्हा ओढ्याकाठी कचरा टाकू लागतात. वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र केला जात असल्याचे दिसले, तर घरातील वर्गीकरणही थांबते. त्यामुळे गाडीत स्वतंत्र कप्पे असणे हे घरातील दोन डब्यांइतकेच आवश्यक असते.