फेणी बोंडूची, बीची नव्हे

गोव्याला एकदा जाऊन आलेला कोल्हापूरकर फेणीवर ठामपणे बोलतो. चंदगड-आजऱ्याकडच्या बागांमुळे काजू आपल्या ओळखीचा. फेणीबद्दल मात्र बरेचसे ऐकीवच.

गैरसमज : फेणी काजूगरापासून काढतात.
वस्तुस्थिती : फेणीत गराचा कणही नसतो. ती बोंडूची, म्हणजे बीला चिकटलेल्या फुगीर, रसाळ देठाची. पिकून आपोआप गळालेले बोंडू वेचतात, बी पिळून वेगळी करतात आणि बोंडू 'कोळंबी'त, म्हणजे दगडी कुंडात तुडवतात. उरलेल्या चोथ्यातून निथळणारा गोड रस म्हणजे 'नीरो'. तो तसाच प्यायचा. तुडवून काढलेला रस आंबवायला जातो.

गैरसमज : रस आंबायला साखर किंवा नवसागर लागतो.
वस्तुस्थिती : पारंपरिक फेणीत बाहेरचे काही घालत नाहीत. रसात साखर असतेच, आणि सालीवरचे, हवेतले यीस्ट तिला दोन-तीन दिवसांत आंबवते. धान्याची गोष्ट वेगळी. जपानच्या इकी बेटावर जवापासून शोचू नावाचे मद्य लहान लहान भट्ट्यांमध्ये काढतात. जवात पिष्ट असते आणि यीस्टला पिष्ट पचत नाही. म्हणून तिथे भातावर 'कोजी' ही बुरशी वाढवतात. ती पिष्टाची साखर करते. प्रमाण ठरलेले : दोन भाग जव, एक भाग कोजीचा तांदूळ. बोंडूला हा खटाटोपच नको.

गैरसमज : उर्राक हे फेणीचेच दुसरे नाव.
वस्तुस्थिती : आंबलेला रस 'भाणा'त उकळून पहिल्या धारेला मिळते ते उर्राक, त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के. ते टिकत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या हंगामातच मिळते. उर्राकात पुन्हा आंबलेला रस मिसळून दुसऱ्यांदा गाळले की फेणी होते, सुमारे ४२ टक्क्यांची. उर्राकाच्या बेताने फेणी प्यायलेला पाहुणा म्हणूनच आडवा होतो.

गैरसमज : फेणी ही गोव्याची पुरातन दारू.
वस्तुस्थिती : काजूचे झाडच मुळात ब्राझीलचे. पोर्तुगिजांनी ते सोळाव्या शतकात आणले. गोव्यात माडाच्या सुरेपासूनही फेणी गाळतात. काजूची फेणी मात्र पोर्तुगीज आल्यानंतरचीच.

गैरसमज : फेणी म्हणजे हातभट्टीच, नुसते नाव गोड.
वस्तुस्थिती : उग्र वासामुळे हा समज पक्का होतो. पण तो वास बोंडूच्या रसाचा असतो, भेसळीचा नव्हे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत हातभट्टीची दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली ती तिच्यातल्या मिथेनॉलमुळे. फेणीची भट्टी मात्र गोव्यात परवान्यावर चालते. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. गुळाच्या आणि चपलेच्या मानांकनाचे मोल कोल्हापूरला वेगळे सांगायला नको. इकीच्या शोचूलाही १९९५ पासून असेच संरक्षण आहे.

गैरसमज : सर्दीवर, पोटदुखीवर फेणी हे औषध.
वस्तुस्थिती : घोटभर घेतल्यावर अंग गरम झाल्यासारखे वाटते, आजार जात नाही. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले. फेणी त्याला अपवाद नाही.

गैरसमज : बिल असले की बाटली घरी आणायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : बिल गोव्याचे, कायदा महाराष्ट्राचा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परराज्यातले मद्य विनापरवाना आणणे गुन्हा आहे. आंबोली किंवा चंदगडच्या नाक्यावर 'एकच तर आहे' हे कारण चालत नाही.

गैरसमज : मग चंदगडच्या बोंडूची फेणी काढून विकावी.
वस्तुस्थिती : परवान्याचा प्रश्न सुटला तरी ते मद्य 'गोव्याची काजू फेणी' म्हणून विकता येणार नाही, ते नाव गोव्याचे. मात्र फेणीचे नाव नसले म्हणून बोंडू वाया जायला हवा असे नाही. त्यात संत्र्याहून कितीतरी अधिक 'क' जीवनसत्त्व असते आणि त्याचे सरबत, सिरप करता येते. तरीही बी काढून घेतल्यावर आपल्याकडचा बराचसा बोंडू झाडाखालीच कुजतो. गोव्यातला माणूस बी विकतो आणि बोंडूचेही पैसे करतो. फेणी न पिणाऱ्यानेही तिच्याकडून एवढे शिकायला हरकत नाही.