राक्षस राहिला, इशारा गळाला

१९५४ च्या मार्चमध्ये बिकिनी बेटांवरील हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. सप्टेंबरात तिचा एक खलाशी मरण पावला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ हा चित्रपट जपानमध्ये झळकला. १९५६ साली अमेरिकेत दाखविताना त्यातील कित्येक प्रसंग कापून रेमंड बर यांचा अमेरिकन वार्ताहर मध्ये घालण्यात आला. नागासाकीतून वाचलेल्या तरुणीचे उद्गार गेले. चाचण्या चालूच राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल, हा वृद्ध शास्त्रज्ञाचा अखेरचा इशाराही गेला. त्याऐवजी जग सुखाने जगू लागेल, असा दिलासा आला. सर्वसामान्य अमेरिकन प्रेक्षकांस मूळ चित्रपट चित्रगृहांत पाहावयास मिळाला तो २००४ साली! वाचकहो, परक्याची कथा उचलणे सोपे. त्याचे दुःख ऐकून घेणे कठीण.