ब्राह्मी, शंखपुष्पी आणि न विचारलेला प्रश्न

आमच्या चार इमलीत चिंचा पिकू लागतात, त्याच सुमारास परीक्षांचे दिवस येतात आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी, शंखपुष्पी दिली तर चालेल ना?" पूर्वी मी, "वनस्पतीचेच आहे, अपाय नाही," असे सांगून मोकळी होत असे. या उत्तरातील हलगर्जीपणा एका मुलामुळे माझ्या ध्यानी आला.

अपस्माराचा हा अकरा वर्षांचा मुलगा फेनिटॉइनवर होता. दोन वर्षे त्याला एकही झटका आला नव्हता. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर मात्र महिन्याभरात तीन झटके आले. रक्तातील औषधाची पातळीही घसरली होती. गोळ्या चुकत असणार, असे गृहीत धरून मी त्याच्या आईला चार शब्द सुनावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली. शेवटी सोबत आलेल्या आजी म्हणाल्या, "अहो, गोळी मी स्वतः देते, एकदाही चुकलेली नाही. शिवाय अभ्यास लक्षात राहावा म्हणून शंखपुष्पीचे औषधही रोज देते."

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली नेमकी हीच गोष्ट प्रसिद्ध केली होती. शंखपुष्पीयुक्त मिश्रण घेणाऱ्या दोन रुग्णांत झटके पुन्हा सुरू झाले व फेनिटॉइनची पातळी खाली गेली, असे त्यांना आढळले. पुढे उंदरांवरील प्रयोगातही, हे मिश्रण सतत दिल्यास रक्तातील फेनिटॉइन घटते व त्याचा प्रभाव मंदावतो, असे दिसून आले. मी ती बाटली बंद करविली. काही आठवड्यांत पातळी पूर्ववत झाली, झटके थांबले. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे खरे. तथापि त्या आईची क्षमा मागणे मला प्राप्तच होते, आणि ती मी मागितली.

यात आयुर्वेदाचा अनादर नाही. ब्राह्मीवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत दीर्घकाळ संशोधन झाले असून तिच्यातील बॅकोसाइड ही द्रव्ये तेथेच अभ्यासली गेली. निरोगी प्रौढांना सुमारे बारा आठवडे तिचा अर्क दिल्यावर स्मरणाच्या काही चाचण्यांत माफक सुधारणा दिसली आहे. परंतु हे अभ्यास लहान आहेत, आणि त्यांवरून आठवीतल्या मुलाचे गुण वाढतील असे म्हणता येत नाही. शिवाय नावांचा घोळ आहेच. पाणथळ जागी वाढणारी, जाडसर बारीक पानांची नीरब्राह्मी वेगळी आणि गोल पानांची मंडूकपर्णी वेगळी. बाजारात दोन्हींना ब्राह्मीच म्हणतात. शंखपुष्पीच्या नावाखालीही ठिकठिकाणी निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात.

ज्येष्ठांसाठीही एक गोष्ट नमूद करते. गिंको या वृक्षाच्या पानांचा अर्क विस्मरणावर जगभर खपतो. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांना सुमारे सहा वर्षे तो अर्क किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन तुलना केली गेली. स्मृतिभ्रंश टळला नाही, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

मग मेंदूला हवे तरी काय? वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मेंदूची बहुतांश वाढ झालेली असते, आणि त्या काळात लोह, आयोडीन व बी-१२ यांची उणीव महागात पडते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ७३ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली. बी-१२ तर वनस्पतींतून भरवशाने मिळतच नाही. माता कडक शाकाहारी, दूध-दहीही बेताचे, आणि बाळ वर्षाचे होत आले तरी केवळ अंगावर. असे बाळ हसणे विसरते, मान टाकते, त्याचे हात कापू लागतात. अशा घरी गुटी मात्र रोज नेमाने उगाळली जात असल्याचे मी पाहिले आहे. गुटीमागची माया खरी आहे, पण त्या बाळाला हवे असते बी-१२ चे इंजेक्शन आणि सहाव्या महिन्यापासून वरचे अन्न. उपचार वेळेवर झाले, तर काही दिवसांतच ते पुन्हा आईकडे पाहून हसू लागते. उशीर झाला, तर बौद्धिक उणीव कायमची राहू शकते.

म्हणून पालकांना विनंती, की घरात चालू असलेली प्रत्येक बाटली, चूर्ण व गुटी दवाखान्यात येताना सोबत आणावी. कोणी रागावणार नाही. आणि माझ्या व्यवसायबंधूंना विनंती, की औषध लिहिण्यापूर्वी "आणखी काय देता?" हा प्रश्न आवर्जून विचारावा, आणि तो आजींनाही विचारावा. मी तो वेळेवर विचारला असता, तर एका आईला विनाकारण बोलणी खावी लागली नसती.