माती कोठे घसरते?

आमच्या सुरंगीच्या चढउतारांवर पावसाळ्यात घसरून पडला नाही असा विद्यार्थी विरळाच! आमच्या घरच्या कोकणीत या घसरण्याला 'निसरप' म्हणतात; मराठीतील 'निसरडे' हे त्याचेच भावंड. येथे मात्र आम्ही मातीच्या घसरण्याविषयी लिहीत आहोत.

एका फळीला गोंदाने वाळू चिकटवा आणि तीवर सुट्या वाळूचा थर पसरून एक टोक हळूहळू उचला. सुमारे ३० अंशांच्या कोनापर्यंत थर जागचा हलत नाही, कारण कण कणांत अडकतो. आता फळीवर गुळगुळीत, जाड प्लास्टिक ताणून पाहा. अठरा अंशांच्या आसपासच सारा थर खाली येतो! वाळू तीच, कणांना अडकावयास जागा मात्र उरली नाही. घसरण्यास होणाऱ्या या विरोधास अभियंते कर्तनबल म्हणतात. प्लास्टिक फाटत नाही, वाळू भंगत नाही. दगा देतो तो दोहोंमधील सांधा. ओली चिकणमाती असेल तर तो अधिकच दुबळा.

महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त भागांतील शेततळ्यांना पाणी मुरू नये म्हणून प्लास्टिकचे अस्तर घालतात. पुष्कळदा ते अवघे अर्धा मिलिमीटर जाड असते. दीड फूट आडवे व एक फूट उभे असा काठ म्हणजे जवळजवळ ३४ अंशांचा उतार. उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून अस्तरावर माती पसरली, तर ती टिकणार कशी? तीनास एक असा उतार केला तरी कोन १८ अंशांहून किंचित अधिकच, म्हणजे हिशेब काठावरचाच. म्हणून बाजूंचे अस्तर उघडेच ठेवून त्याची कड वरच्या चरात पुरतात.

हा हिशेब मोठ्या कामांतही चुकतो. कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे असेच अस्तर घातलेल्या खड्ड्यात साठविलेला घातक कचऱ्याचा डोंगर १९ मार्च १९८८ रोजी सरकला. आडवा सुमारे ३५ फूट आणि खाली १४ फुटांपर्यंत. घसरण अस्तराच्या थरांमधूनच झाली होती. आता खरखरीत पृष्ठभागाची प्लास्टिके मिळतात, तशाच मातीला घट्ट धरणाऱ्या जाळ्याही. तरी त्या त्या जागेची माती घेऊन सांध्याची परीक्षा करावीच लागते.

शेततळ्याच्या ओल्या काठावर आपल्या पावलाची गतही त्या वाळूसारखीच होते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तेथून वर चढता येत नाही. मुले बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून तळ्याभोवती कुंपण हवे, आणि काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला, गाठी मारलेला दोर.