बोटांच्या बेचक्यात

परभणीच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय टाकला की चिखल तळव्याला चिकटून वरच येतो. जिंतूर, पाथरी, मानवतच्या खेड्यांतली मुले तो तसाच घेऊन शाळेत येतात. आम्ही शिक्षक कधी बूट काढायला लावतो, तेव्हा काहींच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजून फाटलेली कातडी दिसते. याच त्या चिखल्या.

नाव चिखलाचे असले तरी खरे कारण ओल. ओल्या पायावर मोजा, त्यावर बंद बूट आणि पाच-सहा तास वर्ग. बुरशीला आणखी काय हवे? आपल्या घरांत तर हे ध्यानात घ्यायलाच हवे. वजूमध्ये पाय घोट्यांसकट धुतले जातात, बोटांचे खिलालही होते. पाय पाक होतात, पण मकतबला उशीर झाला म्हणून मूल तसेच मोजे चढवते. दाराशी एक जुना सुती कपडा टांगून ठेवा. आधी बेचके टिपायचे, मग मोजे. मोजे सुती आणि रोज धुतलेले हवेत. ते वाळले नसतील तर त्या दिवशी उघडी चप्पल बरी; शिक्षकांना तसे सांगा, आम्ही काही रागावत नाही. आठवडाभरात खाज गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. दुकानातून विचारून आणलेल्या मलमात पुष्कळदा स्टिरॉइड असते. त्याने खाज दबते, बुरशी मात्र पसरते.

2023-24 पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना गणवेशासोबत एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे देण्याची योजना आली. चांगलेच झाले. पण पाय वर्षभर थांबत नाही. दर तीन महिन्यांनी मुलाला बूट घालून उभे करा. सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. ईदला ‘दोन वर्षे चालतील’ म्हणून घेतलेला ढगळ बूट टाच सोलतो, तोकडा झालेला नख मांसात रुतवतो.

राहिला बाभळीचा काटा. काटा मोडला की त्यावर बिब्ब्याचा चटका देणाऱ्या दादीजान अजून आहेत. त्या नाराज होतील, पण बिब्ब्याने कातडी भाजते आणि फोड येतात. धनुर्वात त्याने टळत नाही. जखम साबण-पाण्याने धुवा आणि सरकारी दवाखाना गाठा. धनुर्वाताची लस दहाव्या व सोळाव्या वर्षी तिथे मोफत मिळते. आपल्या मुलामुलींची ती झाली आहे का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून ठेवा.