बाह्य हार्ड डिस्कवरील लाइव्ह लिनक्स प्रणाली : स्वरूप, कार्यपद्धती आणि मर्यादा

प्रस्तावना

महाविद्यालयीन प्राध्यापकास विभागातील, ग्रंथालयातील, प्रयोगशाळेतील आणि घरच्या अशा निरनिराळ्या संगणकांवर काम करावे लागते. प्रत्येक यंत्रावरील आज्ञावल्या, फाँट आणि कळफलकाची मांडणी वेगळी असते. पेन ड्राइव्हमधून फाइली नेता येतात. कामाचे वातावरण मात्र नेता येत नाही. त्यातच १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपुष्टात आला आणि अनेक जुनी यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा परिस्थितीत संपूर्ण कार्यप्रणालीच बाह्य हार्ड डिस्कवर ठेवून ती कोणत्याही यंत्रावर चालविणे हा एक व्यवहार्य पर्याय ठरतो.

हा पर्याय वरवर पाहता सोपा आहे. परंतु त्याची अंतर्गत रचना न समजता केलेला प्रयोग वर्षानुवर्षांची संशोधनसामग्री क्षणात नष्ट करू शकतो. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रणालीची रचना, उभारणी आणि मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, 'इग्द्रासिल' या वितरणाने सीडीवरून लिनक्स चालविण्याची सोय दिली. ही कल्पना लोकप्रिय झाली ती क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये आणलेल्या 'क्नॉपिक्स'मुळे. संगणकात सीडी घालून यंत्र सुरू केले, की अंतर्गत हार्ड डिस्कला धक्का न लावता पूर्ण कार्यप्रणाली उपलब्ध होत असे.

सीडीची अडचण अशी, की तिच्यावर नव्याने काही लिहिता येत नाही. परिणामी यंत्र बंद होताच केलेले सर्व बदल लोप पावत. सेकंदाला ४८० मेगाबिट वेगाची यूएसबी २.० (२०००) आणि ५ गिगाबिट वेगाची यूएसबी ३.० (२००८) ही मानके रूढ झाल्यावर बाह्य हार्ड डिस्क हे अधिक सोयीचे माध्यम ठरले. तिची साठवणक्षमता मोठी असून तिच्यावर पुन्हा पुन्हा लिहिता येते.

लाइव्ह प्रणालीची रचना

यंत्र सुरू होताच त्याचे फर्मवेअर बाह्य डिस्कवरील बूटलोडर शोधते. बूटलोडर कर्नल आणि एक छोटी प्रारंभिक फाइल-प्रणाली स्मृतीत आणतो. ही प्रारंभिक प्रणाली डिस्कवरील 'स्क्वॉशएफएस' स्वरूपातील संकुचित फाइल शोधून काढते. संपूर्ण कार्यप्रणाली या एकाच फाइलीत असते आणि ती केवळ वाचण्यापुरतीच उघडली जाते. तिच्यावर बदल नोंदविणारा दुसरा थर ठेवला जातो. हे दोन थर एकत्र दाखविण्याचे काम 'ओव्हरलेएफएस' करते. २०१४ पासून ही सोय मुख्य कर्नलमध्येच समाविष्ट आहे.

ही रचना ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ग्रंथावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर टिपणे केली, तर वाचकाला मजकूर आणि टिपणे एकत्र दिसतात. ग्रंथ मात्र कोरा राहतो. लाइव्ह प्रणालीत हा कागद सामान्यतः संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतो. म्हणून यंत्र बंद होताच तो नाहीसा होतो. तोच थर बाह्य डिस्कवरील स्वतंत्र पार्टिशनमध्ये ठेवल्यास बदल कायम राहतात. या सोयीस 'पर्सिस्टन्स' अशी संज्ञा आहे.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. मूळ संचातील एखादी आज्ञावली काढून टाकली तरी ती प्रत्यक्षात पुसली जात नाही. ती दाखवू नये एवढी खूण वरच्या थरात होते. त्यामुळे जागा रिकामी होत नाही. अद्ययावतीकरण केल्यास जुनी आवृत्ती खाली तशीच राहून नवी आवृत्ती वरच्या थरातील जागा व्यापते.

एकच डिस्क निरनिराळ्या यंत्रांवर चालते याचे कारण म्हणजे बहुतेक उपकरणांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच असतात. दर वेळी सुरू होताना यंत्रातील उपकरणे ओळखली जातात आणि आवश्यक तेवढेच ड्रायव्हर स्मृतीत घेतले जातात.

उभारणीची पद्धत

बाह्य डिस्कचे तीन पार्टिशन करणे सोयीचे ठरते. पहिले फॅट३२ स्वरूपाचे असून त्यात लाइव्ह प्रणालीच्या फाइली राहतात. ८ गिगाबाइट जागा त्यास सामान्यतः पुरते. दुसरे एक्स्ट४ स्वरूपाचे, बदलांच्या थरासाठी असते. तिसरे एक्सफॅट स्वरूपाचे ठेवल्यास त्यातील लेख, टिपणे व सांख्यिकी विंडोज यंत्रावरही उघडता येतात. बदलांचा थर स्वतंत्र पार्टिशनऐवजी फॅट३२ वरील एखाद्या फाइलीत ठेवल्यास तिचा आकार ४ गिगाबाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून स्वतंत्र पार्टिशन श्रेयस्कर होय.

डेबियन लाइव्हमध्ये दुसऱ्या पार्टिशनला 'पर्सिस्टन्स' हे नाव द्यावे लागते. त्यात कोणते बदल जपावयाचे हे सांगणारी एक छोटी फाइल ठेवावी लागते आणि बूट करताना आज्ञेच्या ओळीत तोच शब्द जोडावा लागतो. यांपैकी एक जरी गोष्ट राहिली तरी प्रणाली कोणतीही तक्रार न करता सुरू होते आणि बदल मात्र जपले जात नाहीत. म्हणून महत्त्वाचे काम आरंभण्यापूर्वी एखादी चाचणी-फाइल ठेवून यंत्र पुन्हा सुरू करून पाहणे अगत्याचे आहे.

मराठीतून लेखन करणाऱ्यांसाठी इन्स्क्रिप्ट कळफलक एकदा निश्चित केला, की तो प्रत्येक यंत्रावर तसाच मिळतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेले जुने लेख वाचावयाचे असल्यास ते फाँटही बदलांच्या थरात बसवून ठेवावे लागतात.

संभाव्य धोके

सर्वांत मोठा धोका चुकीच्या डिस्कवर लिहिण्याचा आहे. लिनक्स डिस्कना 'एसडीए', 'एसडीबी' अशी नावे देते. परंतु हा क्रम यंत्रागणिक, किंबहुना एकाच यंत्रावर दर वेळी बदलू शकतो. 'डीडी' ही आज्ञा पुष्टी न मागता लिहिण्यास प्रारंभ करते. विभागातील सामायिक यंत्रावर असे घडल्यास अनेकांचे काम एकाच वेळी नष्ट होईल. म्हणून नावावर विसंबून न राहता डिस्कची क्षमता आणि मॉडेल पडताळावे, तसेच अन्य बाह्य साधने आधी काढून ठेवावीत.

दुसरा धोका फर्मवेअरच्या मांडणीचा आहे. सिक्युअर बूट बंद केल्यास बिटलॉकरने कुलूपबंद केलेले यंत्र पुढील वेळी रिकव्हरी की मागू शकते. ही की हाताशी नसल्यास मांडणी बदलू नये. सुप्तावस्थेत ठेवलेल्या विंडोजच्या पार्टिशनवर लिनक्समधून लिहिल्यासही माहिती बिघडू शकते.

तिसरी बाब नैतिक स्वरूपाची आहे. लाइव्ह प्रणालीतून यंत्राच्या अंतर्गत डिस्कवरील कुलूपबंद नसलेल्या फाइली पासवर्डशिवाय वाचता येतात. त्या सहकाऱ्यांच्याही असू शकतात. त्यामुळे संस्थेची अनुमती घेणे आणि अंतर्गत डिस्क न उघडणे हे संकेत पाळले पाहिजेत. स्वतःची डिस्क हरविल्यास प्रश्नपत्रिका वा गुणांच्या नोंदी परक्या हाती जाऊ नयेत, यासाठी बदलांचे पार्टिशन 'लक्स' पद्धतीने कुलूपबंद करता येते. तिसऱ्या पार्टिशनला मात्र हे संरक्षण आपोआप लाभत नाही. म्हणून गोपनीय फाइली तेथे ठेवू नयेत.

मर्यादा

लाइव्ह प्रणालीत कर्नल पहिल्या पार्टिशनमधून घेतला जात असल्याने बदलांच्या थरात नवा कर्नल बसवूनही तो सहसा वापरात येत नाही. दीर्घकालीन वापरासाठी बाह्य डिस्कवर संपूर्ण प्रतिष्ठापना करणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र त्या वेळी बूटलोडर अंतर्गत डिस्कवर जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते. अन्यथा बाह्य डिस्क काढताच मूळ यंत्र सुरू होण्यात अडथळा येऊ शकतो. सामान्य संगणकांसाठीची ६४-बिट प्रणाली जुन्या ३२-बिट यंत्रांवर चालत नाही. तसेच ती अ‍ॅपलच्या स्वतःच्या प्रोसेसरच्या मॅक संगणकांवरही बूट होत नाही. यूएसबी २.० चे मानक ५०० मिलीअँपिअर वीज देते. फिरत्या चकतीच्या काही डिस्कना ती अपुरी पडते. शिवाय काम चालू असताना केबल निसटली किंवा वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली माहिती गमावण्याचा संभव राहतो.

निष्कर्ष

बाह्य डिस्कवरील लाइव्ह लिनक्स प्राध्यापकास आपले कामाचे वातावरण सोबत नेण्याची मुभा देते आणि विंडोजचा पाठिंबा गमावलेली यंत्रेही उपयोगात ठेवते. मूळ प्रणाली अबाधित आणि बदल स्वतंत्र ही विभागणी तिच्या विश्वसनीयतेचा पाया आहे. पण बदल जपले जाणे म्हणजे ते सुरक्षित असणे नव्हे. सर्व काम एकाच डिस्कवर असल्याने ती बिघडल्यास सर्वच जाते. म्हणून अशा डिस्कची दुसरी प्रत नियमितपणे अन्यत्र ठेवणे हा या पद्धतीचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.